उन्हाची बेगमी : घरच्या शिल्लक विजेचा सदुपयोग

चैत्र-वैशाखाचें कडक ऊन पडूं लागलें म्हणजे महाराष्ट्रांतील गृहिणींच्या कामास नवा जोर येतो. गच्चीवर, अंगणांत, जेथें जागा मिळेल तेथें पापड, कुरडया, सांडगे आणि मिरच्या वाळत पडतात. ऊन कांहीं बरणींत भरून ठेवितां येत नाहीं, हें त्या जाणतात. म्हणून उन्हानें होणारें काम ऊन असतांनाच उरकून त्या पावसाळ्याची बेगमी करितात. ही साधी गोष्ट ज्यास समजली त्यास प्रस्तुत लेखाचा अर्धा विषय समजला असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण अलीकडे पुष्कळ घरांच्या गच्चीवर वाळवणाच्या शेजारींच सौर पॅनेलांच्या रांगा दिसूं लागल्या आहेत, आणि दुपारीं घरच्या गरजेहून अधिक उत्पन्न होणाऱ्या विजेचें करावयाचें काय, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढें उभा राहिला आहे. त्याचा थोडासा ऊहापोह आम्ही येथें करणार आहों.

प्रकाशापासून वीज उत्पन्न होऊं शकते हें १८३९ सालीं एडमंड बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रथम लक्षांत आलें. पुढें शंभरावर वर्षें लोटल्यानंतर, १९५४ सालीं, अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनीं सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट तयार केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीपैकीं शेंकडा सहाच्या आसपास शक्तीचें विजेंत रूपांतर होत असे. आज छपरांवर बसविलीं जाणारीं चांगलीं पॅनेलें शेंकडा वीस किंवा त्याहून थोडें अधिक रूपांतर करितात. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें एक कोटि घरांचें उद्दिष्ट ठेवून ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली आणि ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य देऊं केलें. तेव्हांपासून हें साधन मध्यम स्थितींतील कुटुंबांच्याही आटोक्यांत आलें आहे. परंतु वस्तु घरीं आणणें निराळें आणि ती शहाणपणानें वापरणें निराळें.

प्रथम विजेचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. धान्य कणगींत राहतें, पाणी टांकींत राहतें. वीज मात्र उत्पन्न झाली कीं त्याच क्षणीं कोठें तरी खर्च व्हावी लागते. साऱ्या देशभर पसरलेल्या तारांच्या जाळ्यांत जितकी वीज एका क्षणीं शिरते तितकीच त्या क्षणीं बाहेर पडावी लागते. हा तोल ढळला कीं विजेचीं दर सेकंदास ५० आवर्तनें हा जो ठराविक ताल आहे तो बिघडूं लागतो. म्हणून वीज ही दुधासारखी नाशवंत वस्तु आहे असें समजावें. दुधाचें दहीं लावावें, तूप कढवावें, म्हणजे तें टिकतें. त्याचप्रमाणें विजेचेंही कशांत तरी रूपांतर केलें तरच ती टिकते.

आतां एका घराचा हिशेब पाहूं. आपल्याकडे १ किलोवॅटच्या पॅनेलांपासून वर्षाची सरासरी काढल्यास दररोज सुमारें ४ युनिटें मिळतात. उन्हाळ्यांत हा आंकडा वाढतो, आषाढ-श्रावणांत बराच खालीं येतो. समजा, एका कुटुंबानें ३ किलोवॅटचा संच बसविला आहे. म्हणजे त्यास रोज १२ युनिटें मिळतात. त्या घराचा दिवसरात्रीचा खर्च ८ युनिटें आहे. त्यांपैकीं ऊन असतांना फक्त ३ युनिटें खर्च होतात, कारण मुलें शाळेंत आणि वडील माणसें कामावर असतात. उरलेलीं ५ युनिटें सायंकाळीं, रात्रीं आणि पहांटे लागतात. अर्थात् १२ पैकीं ३ घरांत खपलीं आणि ९ बाहेरच्या तारांत गेलीं. पुढें रात्रीं ५ युनिटें त्याच तारांतून परत घ्यावीं लागलीं. दिवसाच्या शेवटीं निव्वळ ४ युनिटें शिल्लक राहिलीं.

या हिशेबांत दोन प्रकारची शिल्लक आहे, आणि पुष्कळांचा घोटाळा येथेंच होतो. एक दुपारची शिल्लक. ती ९ युनिटें. दुसरी खरी, म्हणजे निव्वळ शिल्लक. ती ४ युनिटें. पहिलीवर उपाय वेळेचा आहे : काम रात्रींहून दुपारीं आणणें. दुसरीवर उपाय इंधनाचा आहे : जें काम आज गॅस अथवा पेट्रोल जाळून होतें तें विजेवर आणणें. या दोन उपायांतील भेद ध्यानांत ठेवला कीं पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

बाहेर गेलेल्या विजेची नोंद ‘नेट मीटर’ ठेवतो. हा मीटर दोन्ही अंगांनीं मोजतो. किती युनिटें आंत आलीं आणि किती बाहेर गेलीं हें त्यावर निरनिराळें दिसतें. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांत अशी व्यवस्था केली आहे कीं, एका महिन्याचीं शिल्लक युनिटें पुढील महिन्याच्या बिलांत वळतीं करावीं आणि मार्चअखेर जीं उरतील तीं वितरण कंपनीनें आयोगानें ठरविलेल्या दरानें विकत घ्यावीं. हा दर आपण वीज विकत घेतों त्या दराहून सामान्यतः पुष्कळच कमी असतो. म्हणून एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यांत उपयोगीं पडते, परंतु वर्षाच्या शेवटीं सांचलेली मोठी शिल्लक स्वस्तांत जाते. नियम वेळोवेळीं बदलतात, यास्तव प्रत्येक कुटुंबानें आपल्या बिलाच्या मागची बाजूही वाचण्याची संवय ठेवावी.

कोणी म्हणेल, ‘महिन्याच्या महिन्यास युनिटें वळतीं होतात, तर दुपारचें काम दुपारींच करण्याचा आग्रह कशाला? रात्रीं केलें तरी बिल तेवढेंच.’ ही शंका योग्य आहे, आणि तिचें उत्तर प्रामाणिकपणें द्यावयाचें तर, आजच्या बिलापुरतें तें बहुतांशीं खरें आहे. परंतु बिलाचा हिशेब कागदावरचा आहे. विजेचा हिशेब तारांतला आहे. दुपारीं आपण दिलेलीं ९ युनिटें कोणी बाजूस ठेवून दिलेलीं नसतात. तीं त्याच वेळीं शेजारच्या पंख्यांत आणि गिरणींत खर्च होऊन जातात. रात्रीं आपण परत घेतों तीं ५ युनिटें नवीं उत्पन्न करावीं लागतात. त्यासाठीं चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणीं कोळसा जळतो, किंवा कोयनेच्या धरणांतून पाणी सोडावें लागतें. गच्चीवर पॅनेलें वाढत गेलीं म्हणजे सर्वांची शिल्लक एकाच दुपारीं आणि सर्वांची गरज एकाच सायंकाळीं, अशी स्थिति होते. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत हीच अडचण उत्पन्न झाल्यामुळें एप्रिल २०२३ नंतर जोडणी मागणाऱ्यांच्या बाहेर गेलेल्या विजेचा मोबदला फार कमी करण्यांत आला. आणि नेदरलंड्समध्यें युनिटास युनिट वळतें करण्याची पद्धति १ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचा कायदा झाला आहे. आपल्याकडे आज जी सवलत आहे ती कायमची आहे असें धरून चालणें शहाणपणाचें नव्हे. संवय आधीं लावली तर नियम बदलल्यावर घर गोंधळत नाहीं.

वेळेच्या उपायास खर्च कांहींच नाहीं. धुण्याचें यंत्र, इस्त्री, मिक्सर, घरघंटी हीं साधनें सकाळीं दहा ते दुपारीं तीन या वेळांत चालवावीं. एक अश्वशक्तीची घरघंटी तासभर चालली तर सुमारें पाऊण युनिट लागतें. आठवड्याचें दळण भर उन्हांत केल्यास तें सर्वस्वीं गच्चीच्या विजेवर होतें. मात्र येथें एक खबरदारी घ्यावी. ३ किलोवॅटचा संच प्रत्यक्षांत भर दुपारींही बहुधा अडीच किलोवॅटच्या आसपासच वीज देतो, कारण धूळ, उष्णता आणि उन्हाचा कोन यांमुळें कांहीं घट येते. त्यावर २ किलोवॅटचा गीझर आणि २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी एकाच वेळीं लावली तर शिल्लक दूरच, उलट बाहेरून वीज घ्यावी लागेल. म्हणून मोठीं साधनें एकामागून एक चालवावीं.

यापुढील उपाय पाण्याचा. पाणी हें विजेची बेगमी करण्याचें सर्वांत स्वस्त भांडें आहे. परंतु पाणी चढविणें आणि पाणी तापविणें या दोहोंत केवढें अंतर आहे हें विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पाहावें. १,००० लिटर पाणी १० मीटर उंच चढविण्यास ९८,००० ज्यूल शक्ति लागते. एक युनिट म्हणजे ३६ लक्ष ज्यूल. म्हणजे हें काम एका युनिटाच्या छत्तिसाव्या भागाइतकें झालें. घरगुती पंपांत दोनतृतीयांश शक्ति वायां जाते असें धरलें तरी एक दशांश युनिटांत सारी टांकी भरते. आतां स्नानासाठीं २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवावयाचें आहे. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास सुमारें ४,१८६ ज्यूल लागतात. त्या हिशेबानें ही एक बादली जवळजवळ अर्धें युनिट घेते! सारांश, एका बादलीच्या उष्णतेंत चार-पांच टांक्या भरण्याइतकी शक्ति आहे. पंप दुपारीं चालविणें चांगलेंच; पण खरी काटकसर स्नानगृहांत आहे.

यास्तव ज्यांच्या घरीं टांकीचा गीझर आहे त्यांनीं तो दुपारीं दोन-तीनच्या सुमारास लावावा. २५ लिटरचा गीझर २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापण्यास सुमारें एक युनिट लागतें, आणि त्यांत थंड पाणी मिसळल्यावर स्नानाजोगें ४० लिटरांहून अधिक पाणी मिळतें. गीझरची टांकी आंतून आच्छादित असल्यामुळें पाणी सायंकाळपर्यंत चांगलें ऊन राहतें. पहांटेपर्यंत मात्र त्यांतील कांहीं उष्णता निघून जाते. म्हणून खेळून आलेल्या मुलांनीं सायंकाळींच स्नान करण्याचा प्रघात पाडल्यास लाभ अधिक. ज्यांच्या गच्चीवर उन्हानें पाणी तापविणारा बंब आधींच आहे, त्यांनीं तो काढून टाकूं नये. उन्हानें सरळ पाणी तापविणें हें उन्हाची वीज करून मग पाणी तापविण्याहून कमी जागेंत होतें.

घरांत जें लहान प्रमाणावर होतें तेंच राज्याच्या प्रमाणावरही होतें. अकोले तालुक्यांत घाटघर येथें २५० मेगावॅटचें जलविद्युत् केंद्र २००८ सालीं सुरू झालें. तेथें घाटमाथ्यावर एक आणि कोंकणच्या बाजूस खालीं एक असे दोन जलाशय आहेत. वीज शिल्लक असेल तेव्हां खालचें पाणी वर चढवावयाचें आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं सोडून वीज करावयाची, अशी ही योजना आहे. पूर्वीं शिल्लक वीज असे ती मध्यरात्रीं, कारण कोळशाचीं केंद्रें रात्रींही चालूं ठेवावीं लागत. आतां सौरविजेमुळें शिल्लकेची वेळ हळूहळू दुपारकडे सरकूं लागली आहे. उंचावर नेलेलें पाणी ही शक्तीची ठेव आहे, एवढें तत्त्व विद्यार्थ्यांनीं यावरून ध्यानांत घ्यावें.

आतां निव्वळ शिल्लकेकडे वळूं. आमच्या उदाहरणांतील घराची रोजचीं ४ युनिटें म्हणजे वर्षाचीं १,४६० युनिटें होतात. तीं स्वस्तांत विकण्यापेक्षां स्वयंपाकाकडे वळविणें पुष्कळ फायद्याचें. १४.२ किलोच्या एका गॅस सिलिंडरानें जितका स्वयंपाक होतो तितका इंडक्शन शेगडीवर करण्यास, दोन्ही शेगड्यांत होणारी घट धरून, सव्वाशें ते दीडशें युनिटें लागतात. म्हणजे या घराची वर्षाची शिल्लक सुमारें दहा सिलिंडरांची जागा घेऊं शकते. भाकरी आंचेवर भाजावयाची तर गॅस राहूं द्यावा; पण कुकर, दूध, डाळ, बटाटे हीं कामें विजेवर सुखानें होतात. शिवाय स्वयंपाकघरांत गॅसच्या ज्वाळेचा धूर व उष्णता कमी होते, हा लाभ निराळाच. विजेवर चालणारी दुचाकी ज्यांच्या घरीं आहे त्यांस आणखी एक वाट मोकळी आहे. एका युनिटांत अशी गाडी साधारणतः ३० किलोमीटरांच्या आसपास जाते. सुटीच्या दिवशीं दुपारीं ती घरींच भरून ठेविल्यास आठवड्याच्या पेट्रोलाचा खर्च वांचतो.

बॅटरी हा उपाय आम्ही मुद्दाम शेवटीं ठेविला आहे. बॅटरींत घातलेलें एक युनिट पुरतें परत येत नाहीं. शिशाच्या बॅटरींतून चारपंचमांशाच्या आसपास आणि लिथियमच्या चांगल्या बॅटरींतून नऊदशांशाच्या आसपास परत मिळतें. शिवाय तिची किंमत मोठी आणि आयुष्य मर्यादित असतें. म्हणून दररोजची सारी शिल्लक तींत कोंडण्याचा हव्यास धरूं नये. परंतु जेथें वारंवार वीज जाते तेथें लहानशी बॅटरी फार मोलाची आहे. ९ वॅटचा एक दिवा आणि ३० वॅटचा एक पंखा चार तास चालविण्यास एका युनिटाच्या सहाव्या भागाहूनही कमी वीज पुरते. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासास बसलेल्या मुलास एवढा आधार पुरेसा आहे. सबंध गांवानें एकत्र येऊन बॅटरी बाळगण्याचें उदाहरणही आहे. अकराव्या शतकांतील सूर्यमंदिरासाठीं प्रसिद्ध असलेलें गुजरातेंतील मोढेरा हें गांव ऑक्टोबर २०२२ मध्यें सौरविजेवर चालणारें गांव म्हणून जाहीर झालें. तेथें हजाराहून अधिक घरांवर पॅनेलें आहेत आणि दिवसाची वीज रात्रींसाठीं ठेवण्यास मोठ्या बॅटऱ्यांची सोय केलेली आहे.

येथें एका सामान्य गैरसमजाचा उल्लेख करणें अवश्य आहे. भर दुपारीं, लख्ख ऊन असतांना बाहेरची वीज गेली तर गच्चीवर पॅनेलें असलेल्या घरांतीलही पंखे थांबतात. हें पाहून पुष्कळांस आपण फसलों असें वाटतें. परंतु यांत दोष नाहीं. तारांशीं जोडलेला इन्व्हर्टर बाहेरच्या विजेच्या तालावर चालतो. ती वीज गेली कीं दोन सेकंदांच्या आंत तो स्वतःस बंद करून घेतो. असें न झालें तर आपल्या गच्चीवरील वीज बाहेरच्या तारांत शिरेल, आणि तार बंद आहे असें समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. एका अपरिचित कामगाराच्या प्राणासाठीं आपले पंखे घटकाभर थांबले तर तें सोसणें हा आपला धर्मच आहे. ज्यांस अशा वेळींही वीज हवी असेल त्यांनीं बॅटरीसह चालणारा संच जाणकाराकडून रीतसर बसवून घ्यावा. घरच्या घरीं तारा जोडण्याचें साहस कदापि करूं नये.

पालकांस आमची आणखी एक विनंती आहे. सारीं कामें दुपारीं आणावयाचीं म्हणजे तीं सर्व घरांतील माउलीच्या पदरीं टाकावयाचीं, असा अर्थ होऊं नये. ती दुपारची घटकाभर विश्रांति घेते तीही या काटकसरीच्या नांवाखालीं हिरावली गेली तर ही कसली बचत? गीझर व पंप यांस वेळेवर आपोआप चालू-बंद करणारी कळ बसवितां येते, ती बसवावी. दळण, धुणें, इस्त्री हीं कामें शनिवारीं दुपारीं मुलामुलींनीं आणि वडिलांनीं वांटून घ्यावीं. विजेची शिल्लक जशी सूर्य देतो, तशी वेळेची शिल्लक आपण एकमेकांस दिली पाहिजे.

याच्या उलट टोंकाचा दोषही टाळावा. ‘वीज फुकट आहे’ असें म्हणून रिकाम्या खोलींत पंखे फिरत ठेवणें, दारें उघडीं टाकून वातानुकूलन चालविणें, हा सदुपयोग नव्हे. पांच भाकरी आणि दोन मासे यांनीं पांच हजारांचा समुदाय तृप्त झाला, ही शुभवर्तमानांतील कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. ती सांगतांना पुष्कळ जण चमत्कारापाशींच थांबतात. परंतु जेवणें आटोपल्यावर प्रभूनें शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले आणि बारा टोपल्या भरल्या, हा भागही तितकाच बोधप्रद आहे. ज्याच्या हातीं एवढी विपुलता होती त्यानें उरलेलें टाकूं दिलें नाहीं. आपण न वापरलेलें युनिट तारांतून शेजाऱ्याच्या घरीं जातें व तेवढा कोळसा वांचतो. आपण व्यर्थ उधळलेलें युनिट कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ज्यांच्या घरीं पॅनेलें आहेत त्यांनीं एक महिनाभर एक लहान वही ठेवावी. रोज सायंकाळीं तींत तीन आंकडे लिहावे : इन्व्हर्टरवर दिसणारें दिवसाचें उत्पन्न, मीटरवरील बाहेर गेलेलीं युनिटें आणि आंत आलेलीं युनिटें. उत्पन्नांतून बाहेर गेलेलीं वजा केलीं म्हणजे दुपारीं घरांत किती वीज खपली तें कळेल; त्यांत आंत आलेलीं मिळविलीं म्हणजे घराचा एकूण खर्च कळेल. पहिला पंधरवडा नेहमींप्रमाणें चालूं द्यावा. दुसऱ्या पंधरवड्यांत वर सांगितलेले उपाय करावे आणि दोहोंची तुलना वडिलांस दाखवावी. ज्यांच्या घरीं पॅनेलें नाहींत, पण बसविण्याचा विचार चालला आहे, त्यांनीं मागील बारा महिन्यांचीं बिलें जमवून वर्षाची गरज काढावी. गरजेहून फार मोठा संच घेऊन शिल्लक स्वस्तांत विकीत बसण्यांत हित नाहीं. आणि ज्यांच्या घरीं हें कांहींच नाहीं त्यांनींही निराश होण्याचें कारण नाहीं. सायंकाळीं सहा ते दहा ही वेळ सर्वांच्याच मागणीची. त्या वेळीं टाळतां येण्यासारखें एखादें काम त्यांनीं दिवसां केलें तर त्यांचाही या कार्यांत वांटा होईल.

सूर्य आपल्या छपरावर रोज येतो आणि सायंकाळीं निघून जातो. तो असतांना आपण काय करून घेतलें याचा हिशेब मात्र मागें राहतो. तो हिशेब नेटका ठेवण्याची संवय आमच्या वाचकांच्या घरोघर लागो, एवढी इच्छा प्रदर्शित करून आम्ही हा लेख पुरा करितों.